उत्तरायणाआधी भरून ठेवायचा डबा

नमस्कार श्रोतेहो.

उत्तरायण चार दिवसांवर आलं. बडोद्यात रस्त्याकडेला मांजा रंगवणारे बसलेत, गच्च्या झाडून झाल्यात. ज्यांच्या घरी कुत्रं किंवा मांजर आहे, त्यांच्याशी आज मला बोलायचंय. काचेची पूड लावलेला दोरा त्या दिवसांत बोळाबोळांतून, कठड्यांवरून लोंबत असतो, आणि जनावरांचे डॉक्टर नेमके सणाला गाठणं अवघड. म्हणून एक डबा आजच भरा.

त्यात निर्जंतुक गॉज, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, चिमटा, सलाइनची बाटली, पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, डिजिटल थर्मामीटर आणि एक जुना टॉवेल एवढं असू द्या. जखमेवर कापूस नको, त्याचे तंतू आत चिकटून बसतात.

समजा, कुत्र्याच्या पंजाला दोरा गुंडाळला गेलाय आणि रक्त येतंय. कितीही मायाळू कुत्रं असो, दुखलं की ते चावू शकतं. म्हणून बँडेजची पट्टी नाकाडाभोवती घ्या, हनुवटीखाली आणून कानांमागे बांधा. मात्र त्याला धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल, तर तोंड बांधायचं नाही. मांजराला तर टॉवेलातच गुंडाळायचं. दोरा ओढू नका, कात्रीनं कापा. जखम सलाइननं धुवा, गॉजची घडी ठेवून पाच मिनिटं घट्ट दाबून धरा. मध्येच उचलून बघायचा मोह होतो, तो आवराच. रक्त वर आलं तर त्यावरच दुसरी घडी ठेवा. मग बोटांच्या मधे थोडं गॉज घालून बँडेज खालून वर बांधा. आत आपलं बोट शिरलं पाहिजे. पंजा सुजला किंवा गार पडला, तर लगेच सैल करा आणि डॉक्टरांकडे न्या.

मांजरानं दोरा गिळला आणि टोक तोंडातून लोंबतंय, तर हात लावू नका. ओढलात तर आतडं कापलं जाऊ शकतं. तसंच दवाखान्यात न्या.

आता सगळ्यांत कळकळीनं सांगायचं ते. या डब्यात आपल्या घरातली एकही वेदनाशामक गोळी ठेवू नका. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ती पचवून निकामी करायची ताकद त्याच्या यकृतात नसते. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात. आपण मायेपोटी देतो, म्हणून तर हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

उंधियूसुद्धा त्यांच्या ताटलीत नको. त्यातला हिरवा लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो. मनुकाही कुत्र्याला वाईट.

मलमपट्टी करताना तुम्हांलाच चावलं, तर जखम साबणाच्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

डब्याच्या झाकणावर प्राण्याचं वजन, लशीची तारीख आणि दवाखान्याचा नंबर लिहा. सणाच्या दिवशी कोण उघडं असेल, ते आजच फोन करून विचारा. गच्चीवर मांज्यात अडकलेलं कबूतर सापडलं, तर गुजरातेत १९६२ हा नंबर लावायचा.