शनिवारची पोरं

[दृश्य: वरून दिसणारं भलंमोठं स्टेडियम. पिवळ्या-निळ्या कपड्यांतली गर्दी दारांतून आत सरकतेय.]

अ‍ॅन आर्बर, मिशिगन राज्य. सप्टेंबर-ऑक्टोबरातला कुठलाही शनिवार धरा. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, आणि या एका स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. बांधकाम १९२७ सालचं. लोक याला 'बिग हाउस' म्हणतात. एवढं मोठं आहे म्हणून ओस पडलंय असं समजू नका, ते भरतं. आता बोगद्यातून जी पोरं धावत येतील ती विद्यापीठात शिकणारी आहेत. कुणी दुसऱ्या वर्षाला, कुणी तिसऱ्या.

अमेरिकन फुटबॉलमध्ये लाखाच्या वर आसनं असलेली जेवढी स्टेडियमं आहेत, ती झाडून सगळी कॉलेजांची. एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या एकाही संघाला एवढं मोठं घर नाही. आपल्याकडून एमएससाठी टेक्सस ए अँड एमला नाहीतर ओहायो स्टेटला गेलेल्या मुलामुलींना हे पहिल्याच महिन्यात कळतं. खेळातलं ओ की ठो कळत नसतं, पण शनिवारी कॅम्पसवर गाडी लावायला जागा मिळत नाही, एवढं नक्की कळतं.

पहिला सामना झाला ६ नोव्हेंबर १८६९ रोजी, न्यू जर्सीत. रटगर्सनं प्रिन्स्टनला ६-४ असं हरवलं. तिथून आजवर या खेळानं गावंच्या गावं आपल्या रंगात रंगवून टाकली.

[दृश्य: अलाबामाचा नकाशा. दोन गावं उजळतात: टस्कलूसा आणि ऑबर्न.]

अलाबामा राज्यात एनएफएलचा संघ नाही. त्यामुळे सगळी निष्ठा दोन विद्यापीठांत वाटली गेलीय. एक अलाबामा, दुसरं ऑबर्न. मूल कुठल्या घरात जन्मलं त्यावर त्याचा संघ ठरतो, आणि तो बदलायची सोय नसते. वर्षातून एकदा दोघांची गाठ पडते. त्या सामन्याचं नाव आयर्न बोल.

ऑबर्नमध्ये टूमर्स कॉर्नर नावाचा चौक आहे. तिथे दोन जुने ओक होते. संघ जिंकला की लोक त्या झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या भिरकावायचे. झाडं पांढरीशुभ्र होऊन जायची. २०१०च्या आयर्न बोलमध्ये अलाबामा हरलं. जानेवारी २०११मध्ये रेडिओवरच्या पॉल फाइनबॉम यांच्या कार्यक्रमात एका श्रोत्याचा फोन आला. आपण त्या झाडांना विष घातलंय, असं त्यानं सरळ सांगून टाकलं. खरंच घातलं होतं. माणूस साठी ओलांडलेला. २०१३मध्ये दोन्ही झाडं काढावी लागली. हा किस्सा लोक हसत हसत सांगतात. ठीक आहे, झाडं होती. पुढचा किस्सा माणसाचा आहे.

[दृश्य: ३० नोव्हेंबर २०१३. घड्याळात एक सेकंद. गुणफलक: २८-२८.]

अलाबामा तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर होतं, लागोपाठ दोन वर्षांचं विजेतं. त्यांचा किकर केड फॉस्टर शेवटच्या वर्षाला होता. किकरचं काम आधी समजून घ्या. सामना तीन-साडेतीन तास चालतो आणि हा बहुतेक वेळ कडेला उभा असतो. बोलावणं आलं की आत जायचं. चेंडू मागे फेकला जातो, एक जण तो जमिनीवर टेकवून धरतो, आणि दीड सेकंदाच्या आत लाथ बसली पाहिजे. उशीर झाला की समोरचे धिप्पाड गडी अंगावर येतात. चेंडू दोन खांबांमधून गेला तर तीन गुण. गेला नाही तर पुन्हा कडेला, हेल्मेट हातात, आणि कॅमेरा बरोबर तोंडावर.

त्या दिवशी फॉस्टरच्या तीन किका वाया गेल्या. शेवटच्या सेकंदाला प्रशिक्षक निक सेबन यांनी त्याच्याऐवजी नवख्या अ‍ॅडम ग्रिफिथला ५७ यार्डांवरून मारायला पाठवलं. चेंडू तोकडा पडला. ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसनं तो गोलरेषेच्या मागे झेलला आणि अख्खं मैदान कापत दुसऱ्या टोकाला नेला, त्याचे सहा गुण. त्याला अडवायला अलाबामाकडे होते ते किकच्या वेळी भिंत बनून उभे राहणारे जडशीळ खेळाडू. ते काय त्याला गाठणार? ३४-२८.

५७ यार्डांचा जुगार प्रशिक्षकांचा होता. त्या किकला फॉस्टर मैदानातही नव्हता. पण राग निघाला त्याच्यावर. ट्विटरवर शिव्यांचा पाऊस पडला आणि त्यात जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या. धमक्या कुठून आल्या म्हणता? त्याच्याच संघाच्या चाहत्यांकडून.

[दृश्य: टेबलावर हस्ताक्षरातली एक चिठ्ठी.]

काही दिवसांनी त्याला हातानं लिहिलेली चिठ्ठी आली. आयुष्यात असे धक्के बसतात, मला ठाऊक आहे. कालांतरानं तू अधिक खंबीर होशील, असा मजकूर. खाली सही: आणखी एक ४३, जॉर्ज डब्ल्यू. बुश. फॉस्टरच्या जर्सीचा क्रमांक ४३ आणि बुश अमेरिकेचे ४३वे राष्ट्राध्यक्ष. चिठ्ठी गोड आहे. पण पोराला धीर द्यायला माजी राष्ट्राध्यक्षांना कागद-पेन घेऊन बसावं लागलं, यावरून शिव्यांचा आवाका काय असेल ते लक्षात येतं.

फॉस्टर एकटा नव्हे. २०१०मध्ये बॉयझी स्टेटच्या काइल ब्रॉट्झमनच्या दोन किका हुकल्या, २६ आणि २९ यार्डांवरून, आणि नेवाडाविरुद्धचा सामना ३४-३१ असा गेला. त्या संघाच्या इतिहासात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांत या मुलाचं नाव होतं. त्या रात्रीनंतर ते कुणाला आठवलं नाही. त्यालाही धमक्या आल्या.

आपल्याकडे कॉलेजच्या नावानं घसा फोडायची जागा म्हणजे पुरुषोत्तम करंडक. भरत नाट्य मंदिरात 'अरे आव्वाज कुणाचा' सुरू झालं की छप्पर उडेल असं वाटतं. समोरच्या कॉलेजची टर उडवली जाते, तीही चांगलीच. पण रंगमंचावर एखादा वाक्य विसरला, तर पन्नास वर्षांचा कुणी अनोळखी गृहस्थ रात्री त्याच्या आईला मेसेज करत नाही. अमेरिकेत हा गृहस्थ आहे, आणि त्याच्या कपाटात संघाचे पाच शर्ट आहेत. त्याचं प्रेम खोटं आहे असं मी म्हणणार नाही. ते शर्टावर आहे. आत कोण आहे ते दर चार वर्षांनी बदलतं.

[दृश्य: मासिकांची मुखपृष्ठं, बातम्यांचे मथळे एकामागोमाग एक.]

आता माध्यमांकडे वळू. मँटाय टेओ. हवाईतल्या लाइए गावचा मुलगा, नोट्र डॅम विद्यापीठाचा बचावपटू. सप्टेंबर २०१२मध्ये त्याची आजी वारली. त्याच दिवशी कर्करोगानं आजारी असलेली त्याची मैत्रीणही गेली, असं त्याला फोनवर कळलं. चारच दिवसांनी मिशिगन स्टेटविरुद्ध तो उतरला आणि त्यानं १२ टॅकल केले, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला बारा वेळा अडवून पाडलं. पुढच्या सामन्याला प्रेक्षक गळ्यात हवाई पद्धतीच्या माळा घालून आले. मासिकांनी मुखपृष्ठं दिली, वाहिन्यांनी हळवं संगीत लावून खास भाग केले. त्या हंगामाच्या हाइझमन ट्रॉफीत, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च वैयक्तिक पुरस्कारात, तो दुसरा आला.

१६ जानेवारी २०१३ला डेडस्पिन या संकेतस्थळानं बातमी फोडली की अशी मुलगी नव्हतीच. कुणीतरी खोटं खातं उघडून, फोनवर आवाज बदलून टेओला फसवत होतं. तो तिला कधीही प्रत्यक्ष भेटला नव्हता. डेडस्पिनच्या वार्ताहरांनी जगावेगळं काही केलं नव्हतं. मृत्यूची सरकारी नोंद शोधली, सापडली नाही. ती जिथे शिकत होती म्हणून सांगितलं जायचं त्या स्टॅनफर्डकडे विचारणा केली, तिथेही अशा विद्यार्थिनीची नोंद नव्हती. एवढं काम चार महिने कुणी केलं नाही. रडवणारी गोष्ट हातात होती, तपासून ती बिघडवायची कुणाला हौस?

खरी मजा पुढे आहे. मजा कसली. ज्यांनी शहानिशा न करता छापलं, तेच दुसऱ्या दिवसापासून त्याच्यावर विनोद करू लागले. रात्रीच्या कार्यक्रमांत, रेडिओवर, सगळीकडे एकवीस वर्षांच्या मुलाची खिल्ली. संशय आल्यानंतरही तो काही दिवस गप्प राहिला होता, हे खरं. ती त्याची चूक. पण फसवला गेलेला तो होता, आणि पुढे कित्येक वर्षं हसं त्याचंच होत राहिलं. संपादकांची नावं आज कुणाला सांगता येतील?

[दृश्य: जुन्या न्यायालयीन कागदांची पानं.]

या पोरांना पैसे का मिळत नव्हते, हे थोडक्यात. १९५५मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुइस कॉलेजचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार बसून गेला. पत्नीनं कामगार नुकसानभरपाई मागितली. १९५७मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असा त्या निकालाचा सूर. एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची नियामक संस्था, याच काळात 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द सगळीकडे रुजवत होती. खेळाडूला नोकर म्हटलं की भरपाई आली, म्हणून ही तजवीज.

धंदा तर डोळ्यांसमोर होता. २०१०मध्ये जॉर्जियाच्या ए. जे. ग्रीननं स्वतःची जर्सी हजार डॉलरला विकली म्हणून त्याला चार सामने बाहेर बसवलं. त्याच वेळी त्याच्या ८ क्रमांकाच्या जर्सीच्या प्रती दुकानात खुशाल विकल्या जात होत्या. त्यावर नाव नसायचं, त्यामुळे ती ग्रीनची आहे असं कुणी कबूल करत नव्हतं. ऑगस्ट २०१३मध्ये ईएसपीएन या क्रीडा वाहिनीचे समालोचक जे बिलस यांनी एनसीएएच्या ऑनलाइन दुकानाच्या शोधचौकटीत 'मँझिएल' असं टाइप केलं. पडद्यावर टेक्सस ए अँड एमची २ क्रमांकाची जर्सी आली. तिथल्या स्टार खेळाडूची, जॉनी मँझिएलची! मग आणखी नावं टाकली, आणखी जर्सी आल्या. बिलस एकेक चित्र ट्विटरवर टाकत गेले. काही तासांत ती शोधचौकट बंद पडली आणि संस्थेनं जर्सी विकणंच थांबवलं. मँझिएलनं सह्या विकून पैसे घेतले का, याची चौकशी नेमकी त्याच दिवसांत सुरू होती.

प्रशिक्षकांना मात्र असा सोवळेपणा नव्हता. २०२३मध्ये टेक्सस ए अँड एमनं जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा करार मोडल्याबद्दल त्यांना सुमारे साडेसात कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. काम न करण्याचे!

[दृश्य: वॉशिंग्टन, सर्वोच्च न्यायालयाची इमारत.]

जून २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ऑल्स्टन खटल्यात, म्हणजे खेळाडूंना मिळणाऱ्या शैक्षणिक लाभांवरच्या मर्यादांच्या वादात, ९-० असा निकाल दिला, एनसीएएच्या विरोधात. १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर जाहिराती घेता येऊ लागल्या. खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या खटल्यातल्या २०२५च्या तडजोडीनंतर विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सगळ्या खेळांत मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटायची मुभा मिळाली. हे व्हायलाच हवं होतं.

पण गर्दीला नवं निमित्त सापडलं. आधी 'आमच्या विद्यापीठाची अब्रू घालवली' म्हणून शिव्या, आता 'पैसे घेतोस ना, मग ऐकून घे' म्हणून. आर्च मॅनिंगचं बघा. एनएफएल गाजवलेल्या पेटन आणि इलाय मॅनिंगचा पुतण्या, टेक्सस विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचा डाव चालवणारा. २०२५चा हंगाम सुरू होण्याआधी तो सुरुवातीपासून खेळला होता अवघे दोन सामने. तेवढ्यावर माध्यमांनी त्याला हाइझमन देऊन टाकली होती. पहिल्याच सामन्यात टेक्सस ओहायो स्टेटकडून १४-७ असं हरलं, आणि तीच तोंडं 'फुगा फुटला' म्हणू लागली. दोन आठवड्यांनी ऑस्टिनमध्ये, घरच्या मैदानावर, टेक्सस जिंकत असलेल्या सामन्यात त्याची हुर्यो उडवली गेली. मॅनिंग घराण्यातला आहे, निभावून नेईल. ज्याच्या मागे आडनाव नाही, जाहिरात नाही, त्या राखीव किकरलाही हेच ऐकावं लागतं, आणि त्याच्या पदरात ते ऐकून घेण्याचे पैसेही नसतात.

[दृश्य: फोनचा पडदा. मेसेज एकावर एक चढत जातात.]

यात आता सट्टा आलाय. मे २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खेळांवरच्या सट्ट्याला रोखणारा केंद्रीय कायदा रद्द केला. मग राज्याराज्यांत तो फोनवर आला. यातला 'प्रॉप बेट' हा प्रकार फार घातक. कोण जिंकतं हा प्रश्नच नाही. अमुक क्रमांकाचा मुलगा आज किती यार्ड धावेल, किती चेंडू झेलेल, यावर पैसे. म्हणजे संघ जिंकला तरी कुणीतरी त्या एका मुलावर चिडलेला असणारच. हरलेले लोक त्याला शोधून काढतात, आणि पैसे पाठवायच्या अ‍ॅपवरून त्याच्याकडेच पैशांची मागणी धाडतात. तुझ्यामुळे बुडाले, तूच भर.

एनसीएएनं सिग्निफाय या कंपनीकडून खेळाडूंना येणारे मेसेज तपासून घेतले. २०२४मध्ये आलेल्या त्या अहवालात पाच हजारांवर मेसेज शिवीगाळ-धमक्यांचे निघाले आणि साधारण १२ टक्के सट्ट्याशी जोडलेले होते. त्यात सगळेच खेळ होते. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या वाट्याला मुलांच्या जवळपास तिप्पट घाण आली. फुटबॉलवाल्यांनी हे शोधून काढलं नसेल, पण गर्दीला सवय इथेच लागली, असं मला वाटतं.

मार्च २०२४मध्ये एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी कॉलेज खेळाडूंवरचे प्रॉप बेट सगळ्या राज्यांनी बंद करावेत, असं जाहीर आवाहन केलं. ओहायो, मेरिलँड आणि व्हरमाँटनं ते त्याआधीच बंद केले होते. पुढे लुईझियानानंही केले. बाकीच्या कितीतरी राज्यांत शनिवारी सकाळी अ‍ॅप उघडलं की विद्यार्थ्यांच्या नावांची यादी आजही समोर येते, आणि प्रत्येक नावापुढे यार्डांचा भाव लिहिलेला असतो.