नोंदवही कोण लिहिणार?

नमस्कार, श्रोतेहो.

धाराशिव जिल्ह्यातले तेर हे गाव म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात उल्लेखलेले तगर. इथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, पावसाळ्यानंतर मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या उघड्या पडत. गावातले रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या आयुष्यभर गोळा केल्या आणि आज त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय तिथे आहे. या संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेई येथे सापडलेल्या मूर्तीशी नाते सांगते, म्हणून अभ्यासकांना तिचे विशेष अप्रूप आहे.

हस्तिदंत ही मोठी हळवी वस्तू. दमट हवेत तो फुगतो, कोरड्या हवेत आकसतो आणि हे वारंवार झाले की त्याला तडे जातात. मराठवाड्यातला मे महिना आणि त्यामागून येणारा पाऊस डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अशा वस्तूच्या कपाटातली आर्द्रता नियमाने मोजून लिहून ठेवणारा माणूस का लागतो, हे वेगळे सांगावे लागणार नाही. आजचे माझे बोलणे या माणसाविषयी आहे.

वारशासाठी पैसाच नाही, असे आता सरसकट म्हणता येत नाही. जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी गडकिल्ले, मंदिरे आणि संरक्षित स्मारके यांच्या संवर्धनासाठी राखून ठेवण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतलेला आहे. परंतु अशा निधीतून कामे होतात, पदे निर्माण होत नाहीत. पदासाठी आकृतिबंधात, म्हणजे कार्यालयात किती पदे असावीत याच्या मंजूर आराखड्यात, मंजुरी लागते, वित्त विभागाची संमती लागते, त्यानंतर भरती. आणि तोवर शेजारच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ असतो. फरशी बदलते, दिवे बदलतात, मार्चअखेर निधी खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्रही वेळेवर जाते. कपाटाची किल्ली मात्र कोणाकडे आहे, हे विचारावे लागते.

एका छोट्या संग्रहालयाची दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवणारी वही, मी काही वर्षांपूर्वी चाळत होतो. सुरुवातीची पाने टाकाच्या सुबक अक्षरांत भरलेली : वस्तू कोठे सापडली, कोणी दिली, लांबी-रुंदी किती, कोठे खपली निघाली आहे. पुढे अक्षर बदलले, नोंदी आखडत गेल्या आणि शेवटी ‘मूर्ती, दगडी, भग्न’ एवढ्या तीन शब्दांवर पाने संपली. अशी मूर्ती उद्या चोरीस गेली, तर पोलिसांना तिचे वर्णन काय देणार? (फोटो? तो नोंदीला जोडलेलाच नव्हता.) पाने भरणारे अभिरक्षक, म्हणजे संग्रहाची देखभाल करणारे अधिकारी, निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा भरलेली नव्हती.

मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते योग्यच आहे. १८७२ साली उघडलेले हे संग्रहालय पार रया गेलेल्या अवस्थेत होते. २००३ साली महानगरपालिका, वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला आणि २००८ साली ते पुन्हा खुले झाले. लोक तिथले सोनेरी नक्षीकाम पाहतात. मला त्याहून मोलाची वाटते ती करारामागची व्यवस्था, कारण इमारतीचे काम संपल्यावरही संग्रहालय चालवणारा स्वतंत्र न्यास मागे राहिला. अर्थात मुंबईला असा दाता मिळतो, तेरला तो मिळेल या भरवशावर राहता येत नाही.

छोट्या संग्रहालयांचा खर्च तिकिटांच्या पैशांतून निघेल, ही कल्पनाही सोडून द्यावी. शाळेची सहल आली म्हणून गल्ला भरत नाही. त्यापेक्षा तीन-चार जिल्ह्यांना मिळून एक संवर्धन-रसायनतज्ज्ञ आणि फिरतीसाठी एक गाडी द्यावी. प्रत्येक संग्रहालयात एक साहाय्यक अभिरक्षक आणि एक प्रशिक्षित परिचर ही दोन पदे कायमची असावीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थांतून पुरातत्त्व शिकून बाहेर पडणारी मुले-मुली आज कंत्राटी कामांवर दिवस काढतात. त्यांतले कित्येक जण आपल्या जिल्ह्यात आनंदाने परततील. आणि यापुढे नव्या संग्रहालयाच्या इमारतीचा प्रस्ताव आला, तर त्याच्या अंदाजपत्रकाला पदांचा आणि आवर्ती, म्हणजे दरवर्षी येणाऱ्या, खर्चाचा कागद जोडलेला आहे की नाही, हे जिल्हा नियोजन समितीने आधी पाहावे. तो नसेल, तर प्रस्ताव परत पाठवावा.

नमस्कार.