खाते भरपूर, पण अंगी लागत नाही

(पलूस तालुक्यातील दूध उत्पादकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, गाय व्याल्यावर काही दिवसांत तिचं शेण पातळ होतं. ताप नसतो, वैरण संपवते, रवंथही करते. शेणात रक्त नाही, आव नाही, कुंथणं नाही. नुसतं पिठल्यासारखं सरसकट पातळ. औषधानं आठवडाभर शेण बांधून येतं, पुन्हा तेच सुरू. दूध निम्म्यावर येतं, खुब्याची हाडं वर येतात आणि एके दिवशी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबताना दिसते. आपण जंताचं औषध पाजतो, कॅल्शियमची बाटली लावतो, पेंड वाढवतो. आजार जोनीज असेल तर यातल्या कशानंही गाय सावरत नाही.

१८९५ साली जर्मनीत ड्रेस्डेन इथं हा आजार प्रथम नोंदवला गेला. त्याचा जंतू क्षयाच्या जंतूच्या भावकीतला, पण याचं ठाणं आतड्यात. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शरीराच्या रक्षक पेशी त्याला गिळतात, पण मारू शकत नाहीत. जंतूंनी भरलेल्या या पेशींची गर्दी वाढत जाते, अस्तर जाड होतं आणि त्याला घड्या पडतात. शवविच्छेदनात आतडं ताणून धरलं तरी त्या घड्या मोडत नाहीत.

असं आतडं अन्न नीट शोषत नाही, हे एक. दुसरं नुकसान मोठं: लसीकावाहिन्या, म्हणजे शरीरातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, तुंबतात आणि रक्तातली प्रथिनं आतड्यात पाझरतात. गायीच्या रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन डेसिलिटरला साधारण ३ ग्रॅम असतं. रक्तातलं पाणी रक्तवाहिनीत धरून ठेवणं हे त्याचं एक मोठं काम. ते फार उतरलं की पाणी बाहेर झिरपून सखल जागी साठतं. चरताना मान खाली, म्हणून आधी जबड्याखाली, मग गळ्याच्या पोळीत. यकृत नवं अल्ब्युमिन बनवतं, पण गळती त्याच्या वेगाला मागे टाकते. त्यासाठी स्नायू मोडले जातात, म्हणून जनावर खातपीत वाळतं. पेंड वाढवून भागत नाही ते यामुळेच.

ती पिशवी अंगठ्यानं दाबून बघा. खड्डा पडून राहिला, हाताला गरम लागली नाही आणि जनावरानं मान झटकली नाही, तर ते साधं पाणी आहे. सूज अचानक आलेली, गरम आणि दुखरी असेल, सोबत जोराचा ताप आणि घशाची घरघर असेल, तर घटसर्पाचा संशय धरा आणि सकाळची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा. पिशवी सुईनं फोडू नका. प्रथिनं कमी असेपर्यंत पाणी पुन्हा भरतंच, वर जखम चिघळते ती वेगळीच.

जबड्याखाली पाणी येण्याची दुसरीही कारणं आहेत. पाटण-जावळीकडच्या भातखाचरांत, पाणथळ जागी गोगलगायींमार्फत यकृतातला पर्णकृमी होतो. त्यातही हीच पिशवी येते. रक्त पिणाऱ्या कृमींत डोळ्याची आतली कातडी पांढरीफटक पडते, जोनीजमध्ये सहसा तितकी नाही. म्हणून आधी शेणातली अंडी तपासा, लघवीतली प्रथिनं बघा, मगच जोनीजकडे वळा.

तपासणीसाठी शेण जमिनीवरचं उचलू नका. नवा हातमोजा घालून थेट गुदाशयातून घ्या आणि बर्फात ठेवून पाठवा. पीसीआरचं, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीचं, उत्तर लवकर मिळतं, जंतू वाढवून बघायचे तर ८ ते १६ आठवडे लागतात. रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रथिनं, शोधणारी एलायझा चाचणी जुलाब लागलेल्या गायीत बहुधा बरोबर सांगते, पण आतून आजारी, बाहेरून धडधाकट असलेल्या जनावरात वारंवार चुकते. तेव्हा एकदा निगेटिव्ह आलं म्हणून गोठा मोकळा झाला, असं धरू नका.

यावर परवडणारा, खात्रीचा उपचार नाही. परदेशी पुस्तकांत सरळ लिहिलेलं असतं, जनावर कत्तलीला काढा. आपल्याकडे गोवंशहत्याबंदी आहे, तो रस्ता गायीला नाही. मग गायीला बाजार दाखवला जातो आणि दुखणं दुसऱ्याच्या दावणीला जातं. हे थांबवायचं तर गाय वेगळी बांधा, तिची टोपली, खराटा, पाण्याची बादली वेगळी ठेवा आणि तिची कामं सगळ्यात शेवटी करा.

खरी लढाई मात्र वासराच्या दावणीत आहे. लागण बहुधा पहिल्या काही महिन्यांत होते आणि जुलाब दोन ते पाच वर्षांनी दिसतात. आज वाळलेली गाय वासरू असतानाच शेणानं बरबटलेली कास चोखून आजारी पडलेली असते. म्हणून विण्याची जागा कोरडी, स्वच्छ हवी आणि वासरू लगेच बाजूला काढायला हवं. चीक तपासलेल्या निरोगी गायीचा, एकाच गायीचा द्या. चार गायींचा एकत्र करू नका. ३० किलोच्या वासराला पहिल्या २४ तासांत ३ लिटर चीक लागतो, त्यातला निम्मा तरी पहिल्या दोन तासांत पोटात जावा. चीक ६० अंशांवर ६० मिनिटं ठेवला की बहुतेक जंतू मरतात आणि प्रतिपिंडं टिकतात. उकळू मात्र नका, चीक गोठून खरवस होईल. पुढचं दूध उकळून, कोमट करून पाजा.

हा जंतू ओलसर सावलीत वर्षभरही तग धरतो. म्हणून या गोठ्याचं शेणखत मका, कडवळ, हत्तीगवतात घालू नका, उसाला घाला. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो, तोवर जोर ओसरतो. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मात्र मोठ्या जनावरांनाच टाका. गोठा धुताना आधी शेण पूर्ण खरवडा, मग फिनॉलवर्गीय जंतुनाशक वापरा. शेणावर ओतलेलं ब्लीचिंग पावडरचं पाणी वाया जातं.

हरियाणाची मुऱ्हा म्हैस असो की शेजारच्या गावची एचएफ (होल्स्टीन) गाय, विकत घेताना दुधाआधी शेपटीचा गोंडा आणि मागचे पाय बघा. तिथं सुकलेल्या शेणाचे थर असतील तर विक्रेत्याला विचारा, याआधी या गोठ्यातलं एखादं जनावर खातपीत वाळून गेलं का.