डावीकडचं अपेंडिक्स

पोटात दुखलं की आपल्याकडे गोव्यात आधी ओवा, मग सोलकढी, मग 'गॅस असेल' आणि रात्र तशीच गेली की बांबोळीचं सरकारी इस्पितळ. पेडण्यापासून काणकोणापर्यंत क्रम हाच! उजवीकडे खाली दुखलं तर घरातली आजीसुद्धा 'अपेंडिक्स' म्हणते. डावीकडे दुखलं तर डॉक्टरच्याही ते चटकन मनात येत नाही. आज बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

साधारण १० हजारांत एकाचे अवयव जन्मतःच उलट बाजूला असतात. हृदयाचं टोक उजवीकडे, यकृत डावीकडे, अपेंडिक्सही डावीकडे. याला सायटस इन्व्हर्सस म्हणतात. गोव्याची वस्ती १५ लाख धरली तर हिशेबाने अशी दीडशेएक माणसं आपल्यात असावीत. बहुतेक ठणठणीत असतात, त्यामुळे त्यांना पत्ताच नसतो. काहींना मात्र लहानपणापासून सायनस आणि कफाचा त्रास असतो. १९३३मध्ये डॉ. कार्टाजेनर यांनी वर्णन केलेला विकार तो हाच.

अपेंडिक्सची कळ आधी बेंबीभोवती येते, नंतर सुजलेली जागा दुखू लागते. इथे मात्र ती डावीकडे सरकते. बाईमाणूस असेल तर अंडाशयाचा पीळ किंवा गर्भाशयाऐवजी नळीत राहिलेला गर्भ, नाहीतर मुतखडा, वयस्कर असेल तर मोठ्या आतड्याची सूज, हे सगळं आधी आठवतं. आणि आठवायलाच हवं. शिवाय काही रुग्णांत अपेंडिक्स डावीकडे असूनही दुखतं उजवीकडेच, कारण अवयव उलटले तरी नसांची जोडणी त्यांच्याबरोबर उलटतेच असं नाही. म्हणून नुसत्या बोटाने दाबून निकाल देऊ नये.

स्टेथोस्कोप छातीच्या उजव्या बाजूलाही लावा. एवढं तर फुकट आहे! ठोके तिकडे ठळक लागले तर ईसीजी आणि छातीचा एक्स-रे. त्यात जठरातली हवा छाती-पोटामधल्या पडद्याच्या उजव्या भागाखाली दिसते. गंमत म्हणजे असा एक्स-रे पाहून फिल्मच उलटी लावली असं वाटतं आणि कुणीतरी ती 'सरळ' करून ठेवतो. डाव्या-उजव्याची खूण बघायची ती याचसाठी. पण हृदय जागेवर आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका. गर्भात आतडं नीट वळलं नसेल तर छाती नेहमीसारखी आणि अपेंडिक्स मात्र डावीकडे, असंही होतं. सोनोग्राफीत उलगडलं नाही तर सीटी स्कॅन करावा.

उपचार तेच: सलाईन, अँटिबायोटिक आणि बहुतेकदा शस्त्रक्रिया. दुर्बिणीची शस्त्रक्रिया इथे फारच सोयीची, कारण कॅमेरा बेंबीतून आत गेला की सगळं पोट दिसतं. चुकीच्या बाजूला मोठा छेद जात नाही. दुर्बिणीने पहिलं अपेंडिक्स जर्मन डॉक्टर कुर्ट झेम यांनी १९८०मध्ये काढलं. अशा रुग्णात सर्जन उजवीकडे उभा राहतो, मॉनिटर समोर डावीकडे जातो, छिद्रांच्या जागाही बदलतात. उजव्या हाताच्या सर्जनला थोडं अवघडल्यासारखं होतं, वेळ जरा जास्त लागतो, एवढंच.

ज्यांना आपलं शरीर असं आहे हे माहीत आहे, त्यांनी तशी चिठ्ठी पाकिटात ठेवावी, घरच्यांनाही सांगून ठेवावं. अपेंडिक्स काढलं असेल तर डिस्चार्ज कार्डावर तसं स्पष्ट लिहून घ्यावं, कारण दुर्बिणीचे तीन बारीक व्रण बघून पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही.