वाळू तेवढीच, अंतर वेगळं

मंडळी, गोल्फच्या मैदानावरच्या बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, चेंडू बाहेर काढणं तुम्हाला जमायला लागलंय. पण ज्या होलमध्ये चेंडू घालायचा त्याचा झेंडा कधी आठ यार्डांवर असतो, कधी पंचवीस. प्रत्येक वेळी चेंडू त्याच्याजवळ थांबवायचा कसा, आज त्याबद्दल बोलू.

बहुतेक जण वाळू कमी-जास्त घेऊन अंतर साधायला बघतात. जवळ मारायचं तर चेंडूच्या चार इंच मागे, लांब मारायचं तर एकच इंच. याला माझा ठाम विरोध आहे. एका इंचाचा नेम धरला आणि क्लब, म्हणजे हातातली काठी, जरासा पुढे पडला, की तो थेट चेंडूला लागतो, चेंडू ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची बारीक हिरवळ, ओलांडून पलीकडे जातो. म्हणून क्लब वाळूत शिरण्याची जागा कायमची ठरवून टाका. चेंडूच्या मागे साधारण दोन इंच. बदलायचा तो स्विंग, म्हणजे क्लबचा झोका. मागे किती न्यायचा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढे कुठे संपवायचा. छोट्या अंतराला हात कमरेपाशी थांबू देत, मध्यम अंतराला खांद्यापाशी, लांबच्याला पूर्ण वर.

या फटक्यात क्लब चेंडूला शिवत नाही. वाळूचा थर चेंडूला उचलून नेतो आणि बराचसा जोर वाळूच खाते. म्हणून गवतावरच्या तेवढ्याच अंतरापेक्षा इथे दुप्पट, कधी तिप्पट मोठा स्विंग लागतो. मनाला ते पटत नाही आणि हात आखडतो. 2003 ची ब्रिटिश ओपन स्पर्धा आठवा, इंग्लंडमधल्या सँडविचचं रॉयल सेंट जॉर्जेस. शेवटच्या दिवशी थॉमस ब्योर्न आघाडीवर होता. सोळाव्या होलला चेंडू बंकरमध्ये गेला. दोनदा बाहेर काढला, दोन्ही वेळा घरंगळत परत त्याच्या पायाशी. तो एका फटक्यानं हरला. अंतराचा अंदाज थोडका चुकला, तर एवढी किंमत पडते.

त्याच मैदानाला लागून प्रिन्सेसचं मैदान आहे. जीन सॅराझेननं 1932 ची ओपन तिथे जिंकली, ती आपल्या नव्या सँड वेजच्या, म्हणजे वाळूतून मारायच्या क्लबच्या जोरावर. क्लबच्या तळाला धातूचा डाग देऊन त्यानं तो जाड केला होता. त्या फुगीर तळाला आपण बाऊन्स म्हणतो. त्यामुळे क्लब वाळूत रुतत नाही, सरकत जातो.

पावसाळ्यातली ओली, घट्ट वाळू मात्र निराळी. तिथे बाऊन्स आपटून उसळतो, चेंडू जोरात सुटतो. स्विंग लहान करा. हातानं किंवा क्लबनं वाळू चाचपून बघायला नियमानं मनाई आहे, पण उभं राहताना पाय रोवता येतात. वाळू भुसभुशीत आहे की घट्ट, ते तळव्यांना कळतं.

तीस यार्डांच्या पुढे गेलात की जोर वाढवू नका, क्लब बदला. तोच स्विंग, पण हातात पिचिंग वेज किंवा नाइन आयर्न, म्हणजे कमी तिरप्या तोंडाचे क्लब. चेंडू खालून जाईल, पडल्यावर जास्त पळेल. हा फटका लोक शिकतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

चला, आता सरावाच्या बंकरकडे. चेंडू पिशवीतच राहू देत. आधी वाळूत एक रेघ ओढा आणि सलग दहा वेळा क्लब त्या रेघेवर पाडून दाखवा.