डोळ्यांदेखत घडणारं शरीर

आज मी फक्त तीन आठवड्यांबद्दल बोलणार आहे. अ‍ॅक्सोलॉटलची मादी पहिलं अंडं पानाला चिकटवते, तिथपासून पिल्लं पोहायला लागेपर्यंतचा हा काळ. अ‍ॅक्सोलॉटल म्हणजे मेक्सिकोतला पाण्यात राहणारा सॅलॅमँडर, बेडकांचा शेपटीवाला नातलग. टाकीत अंडी दिसली की पाळणारे बरेच जण धास्तावतात. एवढ्या पिल्लांचं करायचं काय? ती काळजी रास्त आहे, तिच्याकडे मी येणारच आहे. पण त्या धास्तीत जे पाहायचं राहून जातं, ते मला आज आधी सांगायचंय. कणा असलेल्या प्राण्याचं शरीर कसं उभं राहतं, हे इथे साध्या भिंगातून दिसतं, आणि त्यासाठी अंडं फोडावंही लागत नाही.

सुरुवात नर-मादीपासून करू. साधारण वर्ष-दीड वर्षाचे झाले की दोघांतला फरक कळतो. नराच्या मागच्या पायांच्या मागे, अवस्कराच्या (मल, मूत्र आणि प्रजनन यांसाठीच्या एकाच द्वाराच्या) दोन्ही बाजूंना, ठळक फुगवटा येतो. मादीचा तो भाग जवळजवळ सपाट असतो, पोट मात्र रुंद. प्रणय बहुतेक वेळा अंधारात चालतो. नर मादीला तोंडानं ढोसतो, मग तिच्यापुढे चालू लागतो आणि शेपटीचं मूळ डावी-उजवीकडे हलवत राहतो. मादीला पटलं तर ती त्याच्या शेपटीच्या मुळाशी तोंड ठेवून मागोमाग निघते. चालता चालता नर थांबतो आणि तळावर जेलीचा एक छोटा शंकू चिकटवतो. त्याच्या टोकावर पांढरा ठिपका असतो, ते शुक्राणू. मग नर थोडा पुढे सरकतो. त्याच्या मागून येणारी मादी नेमकी त्या शंकूवर पोचते आणि अवस्करानं तो पांढरा ठिपका उचलून घेते. एका रात्रीत नर असे अनेक शंकू ठेवतो, त्यातले बरेच तसेच पडून राहतात. गुळगुळीत काचेवर ते नीट चिकटत नाहीत, म्हणून तळाशी दोन-चार खरखरीत सपाट दगड असावेत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बहुतेक बेडकांमध्ये फलन उघड्या पाण्यात होतं. इथे मिठी नाही, समागम नाही, तरी फलन मादीच्या शरीरात होतं. उचललेले शुक्राणू ती साठवून ठेवते आणि प्रत्येक अंडं बाहेर पडायच्या बेतात असताना त्याचं फलन होतं. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे एका अंड्यात अनेक शुक्राणू शिरू शकतात. माणसात असं झालं तर गर्भ टिकत नाही. सॅलॅमँडरच्या अंड्यात मात्र एकाच शुक्राणूचं केंद्रक अंड्याच्या केंद्रकाशी जुळतं, बाकीची आपोआप नष्ट होतात.

काही तासांत, फार तर दोन दिवसांत, मादी अंडी घालू लागते. शंभरापासून हजारापर्यंत, पण एकेक सुटं. मागच्या पायांनी पान धरते, अंडं चिकटवते, पुढच्या पानाकडे वळते. याला एक-दोन दिवस लागतात. ते आटोपलं की मोठ्यांना वेगळ्या टाकीत हलवा, कारण आईबाप अंडी खातात. मादीला तर पुढचे काही महिने नरापासून लांबच ठेवा. एवढी अंडी तिच्याच अंगातून आलेली असतात, तिला भरून निघायला वेळ लागतो.

आता अंड्याकडे या. जेलीच्या पारदर्शक आवरणात सुमारे २ मिलिमीटरचा गोळा, वरचा भाग गडद, खालचा फिका. फिक्या भागात पीतक, म्हणजे गर्भासाठी साठवलेलं अन्न, जास्त. पाणी २० अंश सेल्सियसच्या आसपास असेल तर साधारण ७-८ तासांनी गडद भागावर पहिली चीर दिसते आणि ती हळूहळू खाली उतरते. मग दुसरी, तिला काटकोनात. पुढच्या चिरा भराभर पडतात आणि दुसऱ्या दिवशी गोळा पुन्हा गुळगुळीत दिसतो. अनेकांना वाटतं की वाढ थांबली. तसं नसतं, पेशी आता भिंगाला वेगळ्या दिसत नाहीत इतक्या बारीक झालेल्या असतात. ज्यांचं फलन झालेलं नाही ती अंडी पुढे पांढुरकी पडतात, त्यांवर बुरशी धरते. ती लगेच काढून टाका.

तिसरा दिवस मात्र कुणीही चुकवू नये. गोळ्याच्या पाठीवर एक सपाट पट्टा तयार होतो, त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात. पुरणाच्या करंजीच्या कडा जवळ आणून मिटवाव्यात तशा त्या मध्यावर येऊन जुळतात. ही चेतानलिका. पुढच्या टोकाला तिचा मेंदू होतो, मागे मज्जारज्जू. तुमचा-माझा मज्जारज्जू याच पद्धतीनं तयार झाला, फक्त तो कुणाला दिसला नाही. मी हे वर्षानुवर्षं पाहतोय आणि दर वेळी हातातलं काम बाजूला ठेवतो.

पुढे गर्भ लांबतो, शेपटीची कळी फुटते, डोळ्यांचे उंचवटे येतात, कल्ल्यांचे कोंब दिसतात. आठवडा उलटता उलटता हृदय धडधडू लागतं. इतक्या लहान गर्भाला प्राणवायू त्वचेतूनच मिळतो, इतका की ज्यांचं हृदय जन्मतःच धडकत नाही असे अ‍ॅक्सोलॉटलचे गर्भही पोहण्याच्या अवस्थेपर्यंत पोचतात. पाणी थंड असेल तर सगळं लांबतं. दोन ते तीन आठवड्यांत सेंटीमीटरभर लांबीची पिल्लं बाहेर येतात. त्या वेळी त्यांना पाय नसतात. आधी पुढचे येतात, मग मागचे. बेडकाच्या पिल्लांत मागचे आधी दिसतात. पहिले दोन-तीन दिवस पीतकावर निभतं, मग लागतं जिवंत, हलणारं अन्न: आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्याशा कोळंबीसारख्या जिवाची, अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिल्लं. न हलणाऱ्या अन्नाकडे ती बघतही नाहीत. गर्दी झाली की शेजाऱ्याचे पाय तोडतात. पाय पुन्हा येतात, पण म्हणून गर्दी चालवून घेऊ नये.

म्हणूनच किती वाढवायची, हे पहिल्या दोन दिवसांतच ठरवा. चेतानलिका तयार होण्याआधीच नको असलेली अंडी गोठवून टाकणं ही जबाबदार पाळणाऱ्यांची रीत आहे, आणि मला ती योग्य वाटते. आईबाप सख्खी भावंडं असतील किंवा त्यांचा वंश माहीत नसेल तर एकही अंडं वाढवू नका. प्रयोगशाळांतल्या, आणि त्यांच्यातून घरोघरी आलेल्या, बहुतेक अ‍ॅक्सोलॉटलांचा वंश १८६४ साली पॅरिसला पोचलेल्या मोजक्या प्राण्यांपर्यंत जातो. त्यातले सहा तिथले प्राणिशास्त्रज्ञ ओग्युस्त द्युमेरिल यांच्याकडे होते, आणि १८६५ मध्ये त्यांना पिल्लं झाली. म्हणजे रक्त आधीच जवळचं आहे. ‘जंगली संख्या घटतेय, मग पिल्लं पाण्यात सोडू या का?’ असं काही जण विचारतात. मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत १९९८ साली चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० असलेले अ‍ॅक्सोलॉटल २०१४ मध्ये ३६ वर आले, हे खरं. पण तिथलं पाणी बिघडलंय, बाहेरून आणलेले कार्प आणि तिलापिया हे मासे तिथे पसरलेत. पाळीव पिल्लांनी तो प्रश्न सुटत नाही, उलट रोग आणि परके जनुक जातात. तिथे नाही आणि दुसऱ्या कुठल्याही तळ्यात नाही, पाळीव प्राणी सोडायचा नाही.

प्रश्न नंतर घेऊ. मागच्या टेबलावर तीन भिंगं लावली आहेत, तिन्हींखाली तिसऱ्या दिवसाची अंडी आहेत. दिवा बंदच राहू द्या, पाणी तापतं.