बंद केल्यावर कळणारे यंत्र

मित्रहो, माझ्यासमोर टेबलावर ठेवलेले हे यंत्र आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेले असेल. मधोमध बिडाच्या कवचात बसवलेली मोटार, तिच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला शाफ्ट आणि शाफ्टच्या दोन टोकांना दोन दगड, एक जाड कणीचा आणि एक बारीक कणीचा. पुस्तकात याला बेंच ग्राइंडर म्हणतात, पण वर्कशॉपमध्ये त्याला नुसते ‘दगड’ म्हणण्याचीच पद्धत आहे. छिन्नी बोथट झाली, ड्रिल कापेनासे झाले, लेथच्या टूलचा कोन बिघडला की कामगार हातातले काम ठेवून दगडावर जातो. बाकीची अवजारे वस्तू घडवतात आणि त्या अवजारांना धार देण्याचे काम हे यंत्र करते. म्हणूनच एखाद्या बंद पडलेल्या वर्कशॉपचे सामान विक्रीला निघते, तेव्हा लोक लेथभोवती गर्दी करत असताना मी प्रथम कोपऱ्यातला दगड शोधतो, कारण त्या जागी कोणत्या प्रतीचे काम चालत असे हे मला तिथे लवकर समजते.

या यंत्राच्या दगडामागे फार जुनी विद्या आहे आणि तिचा एक धागा आपल्या देशातून जातो. हिऱ्याच्या खालोखाल कठीण असलेला कुरुंद आपल्याकडे पूर्वापार ठाऊक होता. त्याची पूड लाखेत मिसळून केलेल्या चाकावर रत्नांना पैलू पाडत आणि हत्यारांना धार लावत. आज महाराष्ट्रात शिकलगार हे आडनाव सर्रास आढळते. ते शस्त्रे पाजळणाऱ्यांच्या धंद्यावरूनच पडलेले आहे. संस्कृतातले कुरुविंद आणि तमिळमधले कुरुंदम ज्या मुळातून आले, त्याच मुळातून युरोपीय भाषांतले ‘कोरंडम’ निघाले. पुढे 1891 मध्ये एडवर्ड ॲचेसन या अमेरिकी संशोधकाने चिकणमाती आणि कोक यांच्या मिश्रणातून विजेचा प्रवाह सोडला, तेव्हा त्याला चमकदार, अतिशय कठीण असे स्फटिक मिळाले. ते कार्बन आणि कोरंडम यांचे संयुग असावे अशा समजुतीने त्याने त्या पदार्थाला ‘कार्बोरंडम’ हे नाव दिले. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड निघाले, पण नाव टिकले, आणि त्या नावात आपला कुरुंदही टिकला. आज आपण साध्या पोलादासाठी जो करडा दगड लावतो तो ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असतो, म्हणजे विजेच्या भट्टीत तयार केलेला कुरुंदच. आपल्याकडे असे दगड बनवण्याचा कारखाना 1941 मध्ये, महायुद्ध चालू असताना, उरणजवळच्या मोरा येथे ग्राइंडवेल या कंपनीने उभारला. जुन्या ग्राइंडरबरोबर कधीकधी जुना दगडही हाती येतो आणि त्यावरच्या गोल कागदी चकतीवर छापलेली कणी, कठीणपणा व वेगमर्यादा अजून वाचता येते. त्या चकत्या मी जपून ठेवतो.

त्याआधीचे, नैसर्गिक वाळूच्या खडकातून घडवलेले मोठे चाक मात्र आज कोणी हौसेने चालवू नये. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये एकोणिसाव्या शतकात पाण्यावाचून, कोरड्या चाकावर जेवणाचे काटे घासणारे कामगार त्या खडकाची सिलिका फुप्फुसात साठून ऐन तारुण्यात दगावत. आपल्याकडे गुजरातमधल्या खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांना याच धुळीने आजही ग्रासलेले आहे. जुन्या साधनांबद्दल प्रेमाने बोलताना हे विसरलेले मला आवडत नाही.

अशी यंत्रे मिळतात कुठे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, कोल्हापूरच्या उद्यमनगरच्या आसपासची भंगाराची दुकाने ही ठिकाणे सर्वांना ठाऊक आहेत. मुंबईतल्या प्रत्येक कापड गिरणीचे स्वतःचे दुरुस्तीचे वर्कशॉप असे, आणि 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या तेव्हा तिथले कितीतरी सामान वजनावर विकले गेले. त्यातले जे वितळले नाही ते अजून फिरते आहे. परंतु माझा अनुभव असा की, उत्तम वस्तू बाजारात येण्याआधीच मिळते. निवृत्त फिटर किंवा टर्नर यांच्या घरी, जिन्याखाली, पोत्यात गुंडाळलेली. तिथे भाव करण्याची घाई करू नये. आधी चहा घ्यावा आणि त्या यंत्रावर काय काय केले हे विचारावे. जे कळते ते कोणत्याही पाटीवर लिहिलेले नसते.

पाटी मात्र अवश्य वाचावी. विजेची वारंवारता ‘हर्ट्‌झ’मध्ये न देता ‘सायकल्स’मध्ये दिली असेल तर यंत्र बहुधा 1970 च्या आधीचे आहे, कारण हर्ट्‌झ हे एकक 1960 मध्ये आंतरराष्ट्रीय पद्धतीत आले आणि हळूहळू रुळले. आपल्याकडच्या 50 सायकल्सच्या विजेवर दोन ध्रुवांची मोटार मिनिटाला सुमारे 2850 फेरे घेते. त्या वेगाने 150 मिलिमीटरच्या दगडाची कड सेकंदाला साधारण 22 मीटर आणि 200 मिलिमीटरच्या दगडाची कड जवळजवळ 30 मीटर धावते. म्हणजे यंत्राला पेलतो त्याहून मोठा दगड कोणी बसवला, तर तो फुटून तुकडे अंगावर येण्याचा धोका किती वाढतो, हे या आकड्यांवरूनच ध्यानात येईल. अमेरिकेत राहणारी आपली मंडळी तिथला सुरेख जुना ग्राइंडर सामानात घेऊन येतात. त्यांनी हे लक्षात ठेवावे की ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जमवता येते, पण 60 सायकल्सची मोटार इथे पाचषष्ठांश वेगानेच फिरणार. पाटीवर तीन फेज लिहिले असेल तर घरच्या विजेवर ती तशीच चालणार नाही, हेही आधीच पाहावे.

दगड जुना असेल तर यंत्राला वीज जोडण्यापूर्वी तो उतरवून, मधल्या छिद्रात बोट घालून टांगता धरावा आणि लाकडी मुठीने हलकेच ठोकावा. अखंड दगड घंटेसारखा वाजतो. बद्द आवाज आला की आत तडा आहे असे समजावे. माझ्या पहिल्या ग्राइंडरचा दगड दिसायला निर्दोष होता, विक्रेत्याने तो माझ्यासमोर चालवूनही दाखवला होता, पण घरी आणून ठोकल्यावर मडक्यासारखा वाजला. मी तो हातोडीने फोडला तेव्हा एक तुकडा जुन्याच रेषेवर सुटून आला आणि त्या रेषेत काळे तेल मुरलेले होते. त्या दिवसापासून दुसऱ्याने चालवून दाखवलेल्या दगडावर मी विसंबत नाही. दगड उतरवताना आणखी एक गोष्ट: डाव्या टोकाच्या नटाला उलटे आटे असतात, म्हणजे दगड फिरताना नट सैल न होता घट्टच राहावा. हे माहीत नसलेल्यांनी छिन्नी लावून फोडलेले नट आणि खराब केलेले आटे मी इतके पाहिले आहेत की, आता नटाच्या कडा शाबूत दिसल्या की मला मागच्या मालकाविषयी आदर वाटतो.

टूल रेस्ट, म्हणजे ज्यावर अवजार टेकवायचे तो आडवा तुकडा, नीट पाहावा. या यंत्राचा उजवा रेस्ट डावीकडच्या कडेला खोलगट झिजला आहे. बोट ठेवले की ते आपोआप त्या खळग्यात बसते. यावर वर्षानुवर्षे कोणीतरी एकाच रुंदीचे टूल, एकाच बाजूने, एकाच कोनात टेकवत आले आहे, आणि तो रेस्ट बदलून नवा चकचकीत बसवावा असे मला कधीही वाटले नाही. मी फक्त तो दगडापासून तीन मिलिमीटरच्या आत सरकवून घेतला, कारण त्याहून जास्त फट असली की अवजार त्यात ओढले जाते.

जुन्या छिन्न्या, कानशी, पटाशा यांचे पोलाद ओळखायलाही हाच दगड उपयोगी पडतो. मऊ लोखंड टेकवले की लांब, पिवळसर, सरळ ठिणग्या उडतात. जास्त कार्बनचे पोलाद टेकवले की ठिणगी वाटेतच फुटून तिची फुले होतात. हायस्पीड पोलादाच्या, म्हणजे ड्रिलसारखी अवजारे ज्याची करतात त्या पोलादाच्या, ठिणग्या तांबूस, तुरळक आणि जवळजवळ न फुटणाऱ्या असतात. मळक्या ढिगातून दहा-वीस रुपयांना घेतलेली पटाशी अंधारात दगडाला लावावी आणि फुलांचा तो दाट पिसारा दिसावा, यासारखा आनंद नाही. ती पटाशी मग घाई न करता, वरचेवर पाण्यात बुडवत घासावी. कडेला निळा रंग चढला की पोलादाचे पाणी उतरले, म्हणजे त्याचा कठीणपणा गेला, आणि मग ती धार टिकत नाही.

स्वच्छता रॉकेल, तारेचा ब्रश आणि जुने कापड एवढ्यावर भागते. वायरवरचे कापडी आवरण हातात भुगा होऊन येत असेल तर ती पूर्ण बदलावी, वायंडिंग, म्हणजे मोटारीतले तारांचे वेटोळे, वायरमनकडून मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या उपकरणाने) तपासून घ्यावे आणि अर्थिंगची तीन पदरी वायर लावल्याशिवाय बिडाच्या त्या कवचाला हात लावू नये. गार्ड, म्हणजे दगडावरचे संरक्षक झाकण, नसलेले यंत्र ते मिळेपर्यंत चालवू नये. रंग मात्र राहू द्यावा. एका यंत्राला मी उत्साहाने नवा रंग दिला आणि त्याखाली पांढऱ्या रंगात हाताने लिहिलेला कारखान्यातल्या खात्याचा क्रमांक पुसला गेला. ते यंत्र कोणत्या कारखान्यातून आले हे सांगणारी तेवढी एकच खूण होती, आणि ती मी घालवली याची रुखरुख अजून आहे.

आता हे यंत्र चालू करतो. पुढच्या रांगेतल्यांनी थोडे बाजूला व्हावे. दगडाच्या रेषेत कोणी उभे राहू नये. एक मिनिट ते रिकामेच फिरू द्यायचे असते. चालू असताना सगळे ग्राइंडर सारखेच वाटतात, म्हणून विकत घेणारा फसतो. परीक्षा स्विच बंद केल्यावर सुरू होते. बेअरिंग कोरडे असेल तर घरघर ऐकू येते आणि दगड लवकर दमतो. बेअरिंग चांगले असेल तर बारीक, एकसुरी आवाज खाली खाली उतरत जातो आणि दगड बराच वेळ फिरत राहतो. वेग उतरत असताना मध्येच ‘टक्’ असा आवाज येईल. मोटार सुरू करताना लागणारे जादा वायंडिंग जोडणारा आतला स्विच आपल्या जागी परत आल्याचा तो आवाज आहे; तो आला नाही तर यंत्र पुढच्या वेळी नुसते गुणगुणत बसेल, फिरणार नाही. दगडावर मी खडूने एक रेघ मारली आहे. शेवटी ती कुठे थांबते ते पाहा, आणि मग आपण हे पुन्हा दोनदा करू. दर वेळी ती एकाच जागी येऊन थांबली तर दगडाचा तोल बिघडलेला आहे. घड्याळे हातात घ्या. बंद करतो आहे.